गफूरचाचा आणि मोगलाईचा नाका

आमच्या घरात पितळेची भांडी होती, आणि आम्ही मातीच्या गाडग्यात शिजवून हलक्या जर्मन धातूच्या ताटल्यांत जेवत होतो. भांडी सरूची होती. सरू माझी धाकटी बहीण. ती चालायला लागली तेव्हापासून माय दरसाल कापसाची वेचणी संपली की चिखलीच्या बाजारातून एक भांडं आणायची, फळीवर पालथं घालायची आणि वर फडकं टाकायची. एका साली तांब्या, एका साली परात, एका साली पाण्याचा मोठा गुंड. बाबा आमच्या दुसरबिडात एका कापडदुकानाच्या ओट्यावर बसून दुसऱ्याच्या मशीनवर बंड्या शिवायचे. ज्या साली पाऊस दगा द्यायचा त्या साली नुसती वाटी यायची, पण यायची. एकदा मला ताप चढला आणि मी पितळी तांब्यानं पाणी मागितलं. मायनं कपाळावर हात ठेवला, पाणी मात्र गाडग्यातूनच पाजलं. मला राग आला नाही. घरातलं सगळं चांगलं त्या फळीवर होतं आणि ते एक दिवस जायचं होतं, हे आम्हाला ठाऊक होतं.

मी पुढं आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. झालो. हे मी सांगून टाकतो. ज्याच्या बापाला सही येत नव्हती त्यानं सांगावं, त्यात लाजायचं काय?

तर त्या भांड्यांना कल्हई लावायला यायचा गफूरचाचा. आमच्या घरामागच्या लिंबाखाली त्याची पत्र्याची खोली होती आणि खोलीपुढं भट्टी. किडकिडीत अंग, मेंदी लावलेली दाढी, आणि पायांचे तळवे इतके काळे की चपला घातल्यासारखे दिसायचे. भांडं आतून घासायचं तर तो त्यात वाळू टाकायचा, उघड्या पायांनी उभा राहायचा आणि कंबर अशी गरागरा फिरवायचा की रस्त्यानं जाणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. तोही हसायचा. हसरा माणूस. पण आठवड्यातून एकदा, ठरलेल्या जागी, तो ढसाढसा रडायचा.

ती जागा म्हणजे मोगलाईचा नाका.

हे नीट सांगायला पाहिजे, कारण आता ती मोगलाई राहिली नाही आणि नाकाही. त्या वेळी आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, म्हणजे इंग्रजाचा अंमल. सिंदखेडच्या पुढं गाडी गेली की निजामाचं राज्य लागायचं. कागदावर वऱ्हाडही निजामाचाच होता म्हणे; पण ते मला कालेजात गेल्यावर कळलं, आणि नाक्यावर तो कागद कोणी वाचलेला नव्हता. जालन्याच्या बाजाराला जायचं म्हणजे राज्य बदलायचं. तिकडचा रुपया वेगळा, शेर वेगळा, बोली वेगळी. आणि हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. कोण, कुठला, कोणाकडं चाललास, काय आणलंस, बोचकं सोड. गाड्यांची ही रांग. आमच्या गावची माणसं सकाळी नाक्यावर उभी राहायची आणि दुपारी तिथंच शिदोरी सोडायची.

गफूरचाचा दर आठवड्याला पलीकडच्या गावांत कल्हई करायला जायचा. तो जालना म्हणायचा नाही, मोगलाईही म्हणायचा नाही. परमुलूख म्हणायचा. खांद्यावर भाता टाकून निघाला की वाटेत भेटेल त्याला सांगायचा, परमुलुखाले चाललो. जसा काही आगबोटीनं निघालाय. आणि परमुलुखात लवकर शिरण्याचं एक शास्त्र त्यानं बनवलेलं होतं.

त्या शास्त्राची कलमं मला पाठ आहेत. नाक्यावर दोन शिपाई बोचकी तपासत असत. त्यात ज्याची वहाण नवी त्याच्या रांगेत उभं राहायचं. नवी वहाण चावते, आणि पाय चावत असला की माणूस भराभर उरकतो. म्हातारीच्या मागं कधी उभं राहू नये, कारण म्हातारीच्या बोचक्यात बोचकं असतं आणि त्यात आणखी एक पुरचुंडी असते. गाठ सुरगाठ मारावी, एका झटक्यात सुटणारी. सगळ्यात मळकी चिंधी वर ठेवावी. पांढऱ्या कपड्याचा शिपाई मग आत हात घालत नाही. आणि नाव, बापाचं नाव, गाव, काम हे सगळं विचारायच्या आधीच एका दमात सांगून मोकळं व्हावं. हे शेवटचं कलम त्याच्यावरच उलटायचं. तो इतक्या वेगानं सांगायचा की शिपायाला काही कळायचं नाही, आणि त्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागायचं.

पण त्याचा हुकमी एक्का म्हणजे रडणं. "रडणाऱ्याचं बोचकं कोनी सोडत नाही बाप्पा," तो म्हणायचा, "इल्म पाहिजे, इल्म." नाका दिसायला लागला की तो चेहरा पाडायचा. रांगेत हुंदका काढायचा. शिपाई जवळ आला की सांगायचा, फुफी गेली साहेब, मयतीले चाललो. शिपाई बाजूला व्हायचा. पुढच्या आठवड्यात खाला जायची. त्याच्या पुढच्या आठवड्यात चुलतभावाची सासू. एक मामू तर त्यानं उन्हाळ्यात एकदा आणि हिवाळ्यात एकदा असा दोनदा पुरला. नाकेदार म्हणून एक वयस्कर, चष्मेवाले, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. ते खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. पुढं पुढं गफूरचाचा दिसला की ते नुसते विचारायचे, "क्यों मियाँ, आज कौन?" आणि चाचा नाक पुसत नातं सांगायचा. एकदा त्यांनी शिपायाला म्हटलं होतं की या माणसाचं खानदान आमच्या नवाबांपेक्षा मोठं दिसतं, पण तब्येतीनं फार कच्चं.

हे वेड नाक्यापुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. मशिदीत जाताना तो चपला बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवायचा, नमाज झाला की पहिला बाहेर. गावजेवणात वाढपी कुठून वळणार याचा अंदाज घेऊन बसायचा. मी अमरावतीला कालेजात जायला निघालो तेव्हा माय रडत होती, बाबा उगाच पेटीचा कडीकोयंडा चाचपत होते, आणि चाचा अंगणात येऊन म्हणाला, मी नाकेदार, तू मुसाफर, चाल. त्यानं माझी पेटी उघडायला लावली, दोनदा. माझं नाव विचारलं, बापाचं विचारलं, कोणाकडं जातोस विचारलं. दुसरबीड ते अमरावती एकच अंमल, वाटेत नाका नाही, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, आज नाही, उद्या बसवला तं काय करशील बे? सुरगाठ मारायला त्यानं मला तिथं शिकवलं. माझ्या वळकटीची गाठ तशीच मारून दिली, आणि ती बडनेऱ्याच्या फलाटावर आपोआप सुटली.

मग सरूचं लग्न ठरलं. मुलगा नाक्यापलीकडच्या गावचा, जालन्याच्या जिनिंगात कारकून. चांगलं स्थळ. आमच्या ऐपतीपेक्षा बरंच वरचं, म्हणून लग्न मुलाच्या घरी करायचं ठरलं. मांडव त्यांचा, जेवण त्यांचं, आपण मुलगी आणि रुखवत घेऊन जायचं. व्याही हणमंतराव शकुनाचे फार कडक. मांजर आडवं गेलं तर पाणी पिऊन निघणारे, आणि पाणी पिताना शिंक आली तर न निघणारे. मुहूर्त गोरजेचा, गुरं गावात परततात त्या वेळेचा. बाबांना त्यांनी अगदी गोड आवाजात सांगितलं की गोरज चुकली तर मुलगी परत न्या, आमचा तुमच्यावर काही राग राहणार नाही. बाबा हो म्हणाले. घरी आल्यावर बाबा जेवले नाहीत. गोरजेचं त्यांना भय नव्हतं, नाक्याचं होतं. लगीनसराई, त्यात पलीकडं बाजाराचा दिवस. एखाद्या बोचक्यावरून शिपायानं अडवलं तर सूर्य काही थांबणार नव्हता.

गफूरचाचानं सगळं ऐकून घेतलं आणि छातीला हात लावला. लग्नाची काळजी भटजी करंल, म्हणाला, नाक्याची मी करतो.

त्याचा हिशेब साधा होता. नव्या मालाला जकात आहे, वापरलेल्याला नाही. हे त्यानं व्यापाऱ्यांच्या मालावरून शेकडो वेळा पाहिलेलं. रुखवत नवं दिसलं की शिपाई एक एक भांडं उचलणार, तोलणार, भाव करणार, दिवस मावळणार. तेव्हा रुखवत जुनं दिसलं पाहिजे. लुगडीही जुनी दिसली पाहिजेत, आणि ते जमत नसेल तर ती अंगावर असली पाहिजेत.

निघायच्या आदल्या दिवशी त्यानं भट्टी पेटवली आणि मायला म्हणाला, भांडे काढ.

मायनं फळीवरचं फडकं सारखं केलं. त्या भांड्यांना तिनं कधी चुलीचा धूर लागू दिला नव्हता. ती म्हणाली, "चाचा, माह्या लेकीचे भांडे तू काळे करून राह्यला."

"पलीकडं गेलो की उजळून देतो भाबी. माही जबान हाय."

तिनं एक एक भांडं स्वतः काढून त्याच्या हातात दिलं आणि मागच्या दारी जाऊन बसली. चाचानं तेल आणि काजळी कालवून गुंड माखला, आतून बाहेरून. परात धुरावर धरली. स्वतः लावलेल्या कल्हईवर तो स्वतः काळं फासत होता, आणि ते काम त्याला जमत नव्हतं. हात सवयीनं घासायला लागायचा, मग तो स्वतःलाच शिवी द्यायचा. संध्याकाळपर्यंत रुखवत असं झालं की ते पाहून भंगारवाल्यानंही दुसऱ्या घरचा रस्ता धरला असता.

मग तालीम. चाचा अंगणात बाजेवर बसला, नाकेदार म्हणून. आम्ही एकेक करून त्याच्यापुढून जायचं. सगळ्यांना एकच उत्तर: घरचे भांडे हायेत, पाहुणे चाललो. बाबांना जमलं, मला जमलं. गंगाआत्याला जमेना. गंगाआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, मन मोकळं आणि तोंड त्याहून मोकळं. चाचानं विचारलं, बोचक्यात काय आहे? आत्यानं बोचक्यात काय आहे ते सांगितलं, ते कोणी दिलं ते सांगितलं, देणाऱ्याच्या सुनेचं वागणं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली की तू आपला माणूस म्हणून सांगितलं, त्या नाकेदाराले थोडंच सांगन? चाचानं कपाळाला हात लावला आणि ठरवलं की नाक्यावर आत्या मुकी राहील.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजूलाच गाड्या जुंपल्या. वैशाख. बायकांनी रुखवतातली लुगडी एकावर एक नेसलेली. बाबांनी दोन धोतरं आणि तीन बंड्या घातलेल्या, सगळ्या स्वतःच शिवलेल्या. माझ्या डोक्यावर जावयाचा फेटा, त्यावर माझी टोपी. सरूच्या अंगावर तर इतकं कापड की तिला उचलून गाडीत ठेवावं लागलं. हळदीचे हात त्यात कुठं गेले ते तिलाही कळेना. चेहरे दुष्काळातले आणि अंगं सुकाळातली, असे आम्ही सिंदखेड ओलांडून दुपारी नाक्यावर पोहोचलो.

रांग होतीच. चाचानं उतरून दोन्ही शिपायांच्या वहाणा पाहून घेतल्या आणि गाड्या डाव्या रांगेत लावल्या. रांग खरंच बरी सरकली. आमची पाळी आली तेव्हा ऊन अजून चांगलं वर होतं, आणि चाचा माझ्याकडं पाहून दाढीतल्या दाढीत हसला.

शिपायानं गाडीतलं गोणपाट उचललं. काळा गुंड, काळी परात, भाताचे काळे गंज, काळी घागर, काळे तांबे. त्यानं आमच्याकडं पाहिलं. घामानं निथळणारी, गोल गरगरीत, एक शब्द न बोलणारी माणसं. आत्या तर ओठ आत घेऊन बसली होती. शिपायानं गोणपाट खाली टाकलं आणि नाकेदारांना बोलावलं.

नाकेदार आले, चष्मा वर केला, आणि विचारलं की ही मोड कुठं चालवली? मोड म्हणजे जुन्या भांड्यांचं भंगार. मोडीचा व्यापार मोठा होता आणि मोडीला जकात होती, वजनावर. म्हणजे आता काटा येणार, भांडी उतरणार, तोलणार. बाबांनी माझ्याकडं पाहिलं. साहेबापुढं त्यांना शब्द फुटत नसे. मी पुढं झालो आणि जमेल तेवढ्या हिंदुस्थानीत सांगितलं की आम्ही व्यापारी नाही, बहिणीचं लग्न आहे, गोरजेचा मुहूर्त आहे, हे तिचं रुखवत आहे, आणि हा आमचा चाचा आहे.

नाकेदारांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, लग्नाचं सामान असेल तर त्याला जकातच नाही. नवरीला पाहायचं, मुबारक म्हणायचं, आणि सोडायचं, असा इथला रिवाज आहे. सकाळपासून अशी तीन वऱ्हाडं सोडली.

मग त्यांनी त्या गुंडाकडं बोट केलं. "मगर बेटा, दुल्हन के बर्तन काले नहीं होते."

म्हणजे भांडी जशी फळीवर होती तशीच लखलखीत आणली असती, तर आम्ही एव्हाना व्याह्यांच्या दारात गूळपाणी घेत असतो. मी चाचाकडं पाहिलं. त्याचा चेहरा पाडलेला नव्हता, पडला होता. दोन्हींतला फरक मला त्या दिवशी कळला.

नाकेदारांनीही त्याच्याकडं पाहिलं आणि त्यांचा आवाज कडक झाला. तू यांच्याबरोबर आहेस, म्हणाले, तेव्हा तर मी मुळीच विश्वास ठेवणार नाही. हिवाळ्यात तू इथं पुतणीसाठी रडलास. मग आज ही पुतणी कुठून उठून आली? काटा आणा.

शिपाई काट्याला गेला. मागच्या गाडीवाल्यांनी आरडाओरड सुरू केली होती. माय उतरून सरूच्या गाडीच्या चाकाजवळ उभी राहिली. मला वाटलं, आता चाचा रडणार. इतक्या वर्षांचं त्याचं हत्यार, आज नाही काढायचं तर कधी? पण त्याचे डोळे कोरडे होते. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"साहब," तो म्हणाला, "आज तक जितने मैंने यहाँ मारे, उनमें मेरा एक भी नहीं था. मरने के लिए पहले कोई होना पड़ता."

त्यानं सरूच्या गाडीकडं हात केला.

"ये लड़की सच्ची है. इसको मत रोको. मेरे को बिठा लो."

त्याला कोणी नाही हे आमचं गाव जाणून होतं. मोठ्या दुष्काळात एका म्हाताऱ्या कल्हईवाल्याला रस्त्याकडेला सापडलेलं पोर, त्यानंच वाढवलं, त्यानंच भाता दिला आणि मग तो म्हातारा वारला. पण हे कोणी कधी बोलत नसे, आणि चाचाच्या तोंडून तर मी ते पहिल्यांदा ऐकलं. दर आठवड्याला पुरायला त्यानं किती माणसं जमवली होती, हे एकदम माझ्या लक्षात आलं. फुफी, खाला, मामू, चुलतभावाच्या सासूपर्यंत.

नाकेदारांनी काटा आणणाऱ्या शिपायाला हातानं थांबवलं. मग खुर्ची ओढून आमच्या गाडीजवळ बसले आणि म्हणाले, सच्ची आहे तर दाखव. एक भांडं दाखव.

चाचानं गुंड खाली घेतला. भाता, चिंच, राख, वाळू सगळं त्याच्या झोळीत कायम असायचं. त्यानं गुंडात वाळू टाकली, आत उभा राहिला, एक हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि फिरायला लागला. अशी कंबर मी त्याची कधी फिरताना पाहिली नव्हती. टोपी पडली, दाढी उडायला लागली. मागच्या गाडीतली पोरंबाळं हसायला लागली, मग बाया, मग शिपाई. हसू आवरत बाबा खाली बसले आणि परात ओढून चिंचेनं घासायला लागले. मी उभ्या उभ्याच तांब्या घेतला. मागं रांगेत एक बुलढाण्याचा धान्यवाला होता. तो चिडून पुढं आला, काय चाललंय ते पाहिलं, आणि हिशेबी माणूस असल्यामुळं त्याला कळलं की ही भांडी उजळल्याशिवाय आपली गाडी काही सरकत नाही. त्यानं बाह्या वर केल्या आणि घागर घेतली. त्याच्यामागून त्याचा गाडीवान. मग एक मिरच्यांची बाई, मग दोन कोष्टी. रांगेतलं प्रत्येक माणूस सरूचं रुखवत घासत होतं, आणि घासता घासता चाचाला शिव्या देत होतं. नव्या वहाणेवाला शिपाईसुद्धा वहाण काढून एक वाटी घेऊन बसला. तेवढंच पायाला सुख.

गंगाआत्याला राहवेना. ती मुकेपणा सोडून सगळ्यांना घासायची रीत सांगायला लागली.

गाडीच्या आडोशाला बायकांनी वरची लुगडी उतरवली. सरू बाहेर आली तेव्हा तिचे हळदीचे हात दिसले, पिवळेधमक, कोपरापर्यंत. आणि इकडं गुंड उजळला होता. उन्हाची तिरीप त्यावर अशी आली की नाकेदारांनी डोळ्यांपुढं हात धरला. ते उठले, सरूच्या डोक्यावरून लांबूनच हात फिरवल्यासारखं केलं, मुबारक म्हणाले आणि आडवा बांबू उचलायला सांगितलं. आमच्या गाड्या निघाल्या तेव्हा मागची सगळी रांग आमच्याबरोबर सुटली. अर्धा कोसभर आमच्या मागं ते केवढं वऱ्हाड होतं.

व्याह्यांच्या वेशीत शिरलो तेव्हा गुरं नुकतीच शेतांमधल्या पांदीला लागली होती. धूळ दिसत होती, गुरं नव्हती. लग्न वेळेवर लागलं. एकच पेच आला. आमच्या सगळ्या वऱ्हाडाच्या बोटांना आणि नखांत काजळी, आणि अक्षता टाकताना ते हणमंतरावांच्या नजरेत भरलं. त्यांनी विचारलं, हे काय? बाबांनी हात धोतराला पुसले. गंगाआत्या पुढं होऊन म्हणाली की आमच्या वऱ्हाडात अशीच रीत आहे, लेकीचं रुखवत वाटेत थांबून सगळ्यांनी आपल्या हातांनी घासायचं असतं, वाटसरूंचे हात लागले तर फारच शुभ. हणमंतरावांना हे इतकं पटलं की पुढं त्यांनी स्वतःच्या दोन्ही मुलींच्या लग्नांत वऱ्हाड मध्येच थांबवून भांडी घासायला लावली. चांगली चकचकीत भांडी. ती रीत त्या घरात अजून चालू आहे असं ऐकतो.

चाचा मांडवाच्या कडेला उभा होता, काळेभोर हात पाठीमागं धरून. मायनं त्याला मुठीत अक्षता आणून दिल्या. भांड्यांविषयी ती काही बोलली नाही. जबान पाळली होती, बोलायचं काय?

त्यानंतर गफूरचाचा नाक्यावर कधी रडला नाही. नाकेदार विचारायचे, बेटी कशी आहे? आणि चाचा सांगायचा. सरूच्या घराचं दार कोणत्या दिशेला आहे, जावयाला बढती कधी मिळणार, तिच्या सासऱ्यानं आपल्याला आधी ओट्यावर बसवलं, मग पडवीत बसवलं, आता चहाच्या आधी गूळही देतात. सरूला मुलगा झाला तेव्हा त्यानं नाक्यावर गूळ वाटला आणि तो कोणासारखा दिसतो यावर शिपायांशी इतका वेळ बोलत उभा राहिला की रांगेतल्या लोकांनी त्याला हाताला धरून पलीकडं नेऊन सोडलं. मायनं सरूसाठी दिलेली चकल्यांची पुरचुंडी तो आपणहून सोडून दाखवायचा. कोणी विचारो न विचारो. गाठी आता पक्क्या मारायचा, म्हणजे सोडायला वेळ लागावा. मी सुट्टीत आलो की त्याच्याबरोबर जायचो, आणि सांगतो, त्याच्यासारखा नाका पार करायला वेळ लावणारा माणूस त्या रस्त्यावर दुसरा नव्हता.

एकदा मी त्याला म्हटलं, चाचा, तुझं ते शास्त्र काय झालं? तो म्हणाला, "ते ज्याले पलीकडं कोनी नाही त्याच्यासाठी हाय बे. मले काऊन घाई? पोरगी वाट पाहूनच राह्यते."

सरूचा संसार चांगला झाला. मायच्या फळीवरची सगळी भांडी तिच्या घरी रोज चुलीवर चढली. मी बी.ए. झालो, आणि आमच्या घरात नवं पितळ आलं ते आम्ही वापरायला काढलं. आणि गफूरचाचाला परमुलुखात एक घर झालं.